हात पिचरचा, सातबारा मालकाच्या नावावर

जुन्या खेळाडूंना किती पगार होता आणि आजच्या पैशात तो किती होईल, हा हिशोब करायचा काही लोकांना नाद असतो. मलाही होता आणि त्याच नादात मी बेसबॉलच्या जुन्या पिचर लोकांच्या मागे लागलो. आता मत असं झालंय की तो हिशोब जवळजवळ निरुपयोगी आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाला हजारांत डॉलर मिळायचे, त्याचे आजचे लाख करून आपल्याला एवढंच कळतं की गडी उपाशी नव्हता. पण त्याला ती नोकरी सोडता येत होती का? ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही, आणि बघायचं तर तेच बघावं असं मला वाटतं.

ज्यांनी बेसबॉल कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त त्या काळात एकच बोलर दोन्ही एंडनी मॅच संपेपर्यंत बॉल टाकत राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी मॅच असेल तर बऱ्याचदा परत तोच. चार्ल्स रॅडबर्न हा त्यातला सगळ्यात अचाट माणूस, लोक त्याला ‘ओल्ड हॉस’ म्हणायचे, म्हणजे म्हातारा घोडा म्हणा हवं तर. जन्म १८५४ चा, वाढला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन गावात, बाप खाटीक, हा पण काही दिवस तेच करत होता. १८८१ पासून प्रॉव्हिडन्स ग्रेज या टीमकडे.

१८८४ च्या जुलैमध्ये या टीमचं पार भजं झालं होतं. रॅडबर्न रुसलेला, कारण चार्ली स्वीनी नावाचा तरुण पिचर आला होता, त्याने जूनमध्ये बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये १९ बॅटर स्ट्राइकआउट (म्हणजे बॅटरला बॉल मारताच न आल्याने आउट) केले होते आणि सगळं कौतुक त्याच्याकडे चाललं होतं. जुलैत रॅडबर्नवर आरोप झाला की तू मुद्दाम ढिसाळ खेळतोस, आणि क्लबने त्याला सस्पेंड केलं. मग २२ जुलैला स्वीनी पिऊन मैदानात आला, मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने सांगितलं की आता पिचिंग दुसऱ्याला दे आणि तू राइट फील्डला जाऊन उभा राहा, तर हा सरळ मैदानाबाहेर निघून गेला. उरलेली मॅच नऊऐवजी आठ जणांनी खेळून हरले. स्वीनीची हकालपट्टी झाली आणि आता टीमच बंद करावी का इथपर्यंत चर्चा गेली.

बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेला. रॅडबर्न म्हणाला, उरलेला सीझन मी टाकतो, पण पैसे वाढवा, आणि सीझन संपल्यावर मला मोकळं करा. यातलं पहिलं वाक्य सगळे सांगतात. मला दुसरं महत्त्वाचं वाटतं.

मग त्याने जे केलं ते वाचतानाच आपला खांदा दुखायला लागतो. सलग १८ मॅच जिंकल्या. पूर्ण सीझनमध्ये ७३ मॅच सुरू केल्या आणि ७३ च्या ७३ शेवटपर्यंत टाकल्या, ६७८ पेक्षा जास्त इनिंग, ४४१ स्ट्राइकआउट. मॅच जिंकल्या ५९, काही जण ६० म्हणतात, एका मॅचचं श्रेय त्याला द्यायचं की दुसऱ्याला यावर बेसबॉलचे आकडेबाज अजून भांडतात. एका इनिंगला तीन आउट, म्हणजे दोन हजारांहून जास्त आउट एका हाताने, एका उन्हाळ्यात. आज अमेरिकेत सीझनला २०० इनिंग टाकणारे पिचर हातावर मोजण्याइतके उरलेत. सकाळी त्याचा हात इतका जड व्हायचा की स्वतःचे केस विंचरता यायचे नाहीत असं सांगतात. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लीगमध्ये पहिल्या आलेल्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी तीन दिवसांत तीन मॅच झाल्या, तिन्ही त्यानेच टाकल्या आणि तिन्ही जिंकल्या.

आता हे ‘मोकळं करा’ काय प्रकरण होतं ते बघू.

१८७९ च्या सप्टेंबरमध्ये नॅशनल लीगचे, म्हणजे प्रॉव्हिडन्स ज्या लीगमध्ये होती तिचे, मालक बफेलोला जमले आणि आपापसात ठरवलं की प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाचचे पुढे अकरा झाले आणि काही वर्षांत जवळपास सगळेच त्यात आले. कॉन्ट्रॅक्ट कागदावर एका वर्षाचं, पण वर्ष संपलं की पुढच्या वर्षीही तुम्ही त्याच क्लबचे, आणि पुढच्या वर्षीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये परत तेच कलम, म्हणजे थोडक्यात हात चालतो तोवर. आणि उलट बाजूने? क्लबला तुम्ही नको झालात तर दहा दिवसांची नोटीस. बस. खेळाडूने काढायचं म्हटलं तर कधीच नाही, मालकाने काढायचं म्हटलं तर दहा दिवस.

मला हे वाचताना माझी पहिली नोकरी आठवली. दोन वर्षांचा बॉन्ड, ओरिजिनल मार्कशीट कंपनीच्या कपाटात, सोडायचं तर पैसे भरा, आणि त्यांना काढायचं असेल तर एक महिन्याची नोटीस. मी तेव्हा सही करताना हे वाचलंसुद्धा नव्हतं, नोकरी लागली याच आनंदात होतो. पेढे वाटले होते आईने.

तर रॅडबर्नला अशी अट घालायची हिंमत कुठून आली? तो फार धाडसी होता वगैरे ठीक आहे, पण खरं कारण म्हणजे त्या वर्षी बाजारात तिसरी लीग आली होती. नॅशनल लीग होतीच, अमेरिकन असोसिएशन होती, आणि सेंट लुईसच्या हेन्री लुकस नावाच्या श्रीमंत माणसाने युनियन असोसिएशन काढली होती, ती लीग हे राखून ठेवायचं कलम मानतच नव्हती. हकालपट्टी झालेला स्वीनी थेट तिकडेच गेला. म्हणजे मालकाला माहीत होतं की याला ताणलं तर हा पण जाईल. रॅडबर्नच्या हातात जी ताकद आली ती त्याच्या बॉलमध्ये जेवढी होती तेवढीच लुकसच्या चेकबुकात होती.

आणि हा पॅटर्न पुढे इतक्या वेळा दिसतो की कंटाळा येतो. युनियन असोसिएशन एका सीझनमध्ये बुडाली, १८८५ मध्ये मालकांनी लगेच पगारावर २००० डॉलरची मर्यादा घातली. त्याच वर्षी जॉन माँटगोमेरी वॉर्डने खेळाडूंची ब्रदरहुड नावाची संघटना उभी केली, आणि हा वॉर्ड म्हणजे स्वतः एकेकाळचा पिचर बरं का, प्रॉव्हिडन्सकडून १८८० मध्ये परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता अख्खी मॅच, टाकलेला, नंतर हात गेला म्हणून शॉर्टस्टॉपला, म्हणजे फील्डिंगला, उभा राहायला लागला आणि मधल्या काळात कोलंबियातून वकिली शिकला. १८९० मध्ये त्याने खेळाडूंची स्वतःचीच लीग काढली, मालकांनी कोर्टात धाव घेतली तर न्यूयॉर्कच्या कोर्टाने वॉर्डला अडवायला नकार दिला, रॅडबर्नसुद्धा त्या लीगमध्ये खेळला. वर्षभरात पैसा लावणारे लोक घाबरले, समोरच्या मालकांशी परस्पर तडजोड करून मोकळे झाले आणि लीग संपली. १८९२ मध्ये अमेरिकन असोसिएशन पण गिळली गेली, बारा टीमची एकच लीग राहिली, आणि पगार कापले गेले. मग १९०१ मध्ये अमेरिकन लीग उभी राहिली तेव्हा नॅशनल लीगमध्ये २४०० ची मर्यादा होती, म्हणून साय यंगसारखे मोठे पिचर तिकडे उड्या मारून गेले. दुसरं दार उघडलं की पगार वाढतो, दार बंद झालं की उतरतो, आणि दोन्ही वेळा तो माणूस बॉल तसाच टाकत असतो.

आपल्याकडे हे बघितलेलं नाही असं नाही. २००७ ला इंडियन क्रिकेट लीग आली, कपिल देव, किरण मोरे वगैरे तिकडे गेले, बोर्डाने गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी डोमेस्टिक क्रिकेटच्या बक्षिसाच्या रकमा वाढवल्या. पुढच्या वर्षी आयपीएल. रणजी खेळणाऱ्या पोरांची किंमत एका वर्षात अचानक बोर्डाच्या लक्षात आली का? शेजारी दुकान लागलं म्हणून भाव द्यावा लागला, दुसरं काय.

बरं, किंमत म्हटलं की अजून एक घोळ होतो. खेळाडूची किंमत आणि खेळाडूची कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८७ मध्ये शिकागोने माइक ‘किंग’ केली या खेळाडूला बॉस्टनला १०,००० डॉलरला विकलं, देशभर गाजलं. ते दहा हजार गेले शिकागोच्या मालकांना. केलीला मर्यादेप्रमाणे २००० पगार, आणि वर ३००० ‘फोटो वापरण्याचे’ म्हणून, म्हणजे मालकांनी स्वतःच केलेला नियम स्वतःच मागच्या दाराने मोडला. पुढच्याच वर्षी शिकागोचा पिचर जॉन क्लार्कसन, परत बॉस्टन, परत १०,०००. त्या काळात साधा कामगार वर्षाला साडेचारशे-पाचशे डॉलरच्या आसपास कमवायचा, म्हणजे वीस वर्षांची मजुरी एका सहीवर फिरली आणि ज्याच्या उजव्या हाताचा सौदा झाला तो व्यवहारात पार्टीच नव्हता. पोळ्याला बैल सजवतात तसं केलीचं कौतुक झालं, पण विकल्याची पावती बैलाच्या नावावर कधी फाटते का.

आणि विकणारा कोण होता बघा, अल्बर्ट स्पाल्डिंग. हो, स्पाल्डिंगचे बॉल वाले तेच. हा माणूस स्वतः त्या काळातला सर्वोत्तम पिचर, १८७६ मध्ये शिकागोसाठी ४७ मॅच जिंकलेला. आणि शिकागोला कसा आला? १८७५ मध्ये बॉस्टनकडून खेळत असताना, सीझन चालू असताना, गुपचूप शिकागोशी पुढच्या वर्षाचा करार करून. म्हणजे ज्या मोकळेपणावर तो मोठा झाला तोच मोकळेपणा मालक झाल्यावर त्याला खेळाच्या नाशाचं कारण वाटायला लागला. ४७ मॅच जिंकून तो श्रीमंत झाला नाही, दुकान काढून आणि क्लब चालवून झाला. सुरुवातीच्या पिचर लोकांत बक्कळ पैसा केलेला माणूस शोधायला गेलात तर हाच सापडतो, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलेला.

आता मालकांची बाजू. ती अगदीच पोकळ नव्हती. ते म्हणायचे की खेळाडू मोकळे सोडले तर न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोठी शहरं सगळे चांगले खेळाडू विकत घेतील आणि छोट्या गावांच्या टीम मरतील. ऐकायला पटतं. पण मग प्रॉव्हिडन्सचं काय झालं ते बघा ना. ‘मोकळं करा’ म्हटलं होतं तरी रॅडबर्न १८८५ मध्येही प्रॉव्हिडन्सकडूनच खेळला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कलम जागेवर असताना क्लब मोडला, बॉस्टनच्या मालकांनी तो विकत घेतला आणि रॅडबर्न त्या सामानाबरोबर बॉस्टनला गेला. छोटं शहर वाचवायला कलम होतं तर ते छोटं शहर वाचलं नाही. १९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं, की खेळाडूला बांधा किंवा सोडा, तो शेवटी जिथे जास्त कमाई करून देईल तिथेच पोचतो, बांधलेला असेल तर मालक त्याला विकतो, मोकळा असेल तर स्वतः जातो, फरक फक्त पैसे कोणाच्या खिशात गेले एवढाच. केली आणि क्लार्कसनच्या बाबतीत अक्षरशः हेच झालं होतं.

दुसरा युक्तिवाद जास्त लोकप्रिय आहे आणि तो मालक कमी आणि सामान्य माणूसच जास्त करतो: अरे कामगाराच्या चौपट-पाचपट मिळत होतं, खेळायचे पैसे मिळत होते, रडायचं कशाला? याचा मला मनापासून राग येतो. पिचरचा हात म्हणजे विहिरीचं पाणी, उपसा जास्त झाला की आटते, आणि कधी आटेल ते सांगून आटत नाही. रॅडबर्न १८९१ मध्ये संपला, तीनशेहून जास्त मॅच जिंकून. गावी जाऊन दारूचं दुकान आणि बिलियर्ड टाकलं, १८९४ मध्ये शिकारीत चुकून गोळी लागून एक डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला, मग लोकांसमोर येणं टाळायचा असं सांगतात. १८९७ मध्ये ४२ व्या वर्षी वारला. पेन्शन, विमा, औषधपाणी काही नाही. चौपट पगार हा दहा वर्षांचा होता, आयुष्याचा नाही.

आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होतं हे बघायचं असेल तर एमस रूसी बघा. न्यूयॉर्कचा पिचर, इतका फास्ट की १८९३ मध्ये पिचर आणि बॅटरमधलं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं त्यामागे त्याच्यासारख्यांची भीती होती असं म्हणतात. १८९५ मध्ये मालक अँड्र्यू फ्रीडमनने त्याला २०० डॉलर दंड लावला, रूसी म्हणाला तो परत द्या नाहीतर खेळत नाही. नाही दिला. तो १८९६ चा पूर्ण सीझन घरी बसला, एक बॉल टाकला नाही, आणि वर कोर्टात गेला. आता गंमत बघा, बाकीच्या क्लबच्या मालकांनी वर्गणी काढून रूसीला ५००० डॉलर दिले. दानधर्म म्हणून नव्हे. त्यांना भीती होती की कोर्टाने ते कलम तपासलं तर टिकणार नाही. २०० चा दंड माफ करायचा नव्हता म्हणून ५००० मोजले, यावरून कळतं की त्यांच्या लेखी त्या एका कलमाची किंमत किती होती. रूसी परत आला, १८९७ मध्ये २८ मॅच जिंकला, आणि १९०० च्या शेवटी हात गेलेला असताना सिनसिनाटीला दिला गेला, बदल्यात न्यूयॉर्कला मिळाला क्रिस्टी मॅथ्यूसन नावाचा पोरगा. मॅथ्यूसनने न्यूयॉर्कसाठी ३७२ मॅच जिंकल्या. रूसीने सिनसिनाटीसाठी शून्य.

एक गोष्ट मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. रॅडबर्नच्या त्याच १८८४ मध्ये टोलेडोकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) ४२ मॅच खेळला, आणि त्यानंतर १९४७ पर्यंत मोठ्या लीगचं दार कृष्णवर्णीयांना बंद झालं. त्याला कुठला लेखी नियमही लागला नाही, मालकांची आपापसातली समजूत पुरली. गोऱ्या खेळाडूला ‘तू फक्त आमच्याकडेच खेळायचं’ आणि काळ्या खेळाडूला ‘तू कोणाकडेच खेळायचं नाही’, दोन्ही निर्णय त्याच टेबलावर बसून झालेले. वॉर्डने १८८७ मध्ये लेख लिहून विचारलं होतं की बेसबॉल खेळाडू म्हणजे जंगम मालमत्ता आहे का, गुलामगिरीची आठवण करून देणारा शब्द वापरून. पण ज्यांच्या आईबापांनी खरी गुलामगिरी भोगली त्यांच्यासाठी त्याच्या लीगमध्येही जागा नव्हती, हे विसरून त्याला डोक्यावर घ्यायला नको.

आता आजचं. आयपीएलचा लिलाव झाला की दरवर्षी ग्रुपवर तेच सुरू होतं, पंतला २७ कोटी, अरे काय चाललंय, शेतकऱ्याला भाव नाही. पण निदान बोलीचे पैसे खेळाडूला मिळतात, केलीसारखं नाही, आणि रिटेन्शन नको असेल तर तो नाही म्हणून लिलावात उतरू शकतो, १८८४ च्या मानाने हे फार पुढचं आहे. तरी कुठल्या शहरात खेळायचं हे तो ठरवू शकत नाही, आणि २०२५ पासून लिलावात घेतल्यावर कारणाशिवाय माघार घेतली तर दोन सीझन बंदी. टीमचं प्लॅनिंग कोलमडतं हे मला मान्य आहे, शब्द दिला तर पाळावा. पण असे नियम ठरवताना खेळाडूच्या बाजूने टेबलावर कोण बसतं? २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली ती फक्त माजी खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांची संघटना नाहीच. २७ कोटीवाल्याला तिची गरज कमी असेल, पण जो तीस लाखाला जातो आणि सीझनभर बेंचवर बसतो त्याला आहे. ग्रुपवर हे लिहिलं तर कोणी उत्तर देत नाही, अंगठा पण नाही.

अमेरिकेत ते कलम तुटायला १९७५ उजाडावं लागलं, आणि तोडणारे दोघेही पिचरच. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली एक वर्ष कॉन्ट्रॅक्टवर सही न करता खेळले आणि म्हणाले, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, ते संपलं, आम्ही मोकळे. २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मालकांनी लगेच साइट्झलाच काढून टाकलं. खेळ बुडेल म्हणाले होते, तर १९७५ मध्ये तीन कोटींच्या आत असलेले प्रेक्षक १९८० मध्ये चार कोटी तीस लाख झाले, मधे दोन टीम वाढल्या हे धरूनही. सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजार डॉलर होता तो १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांवर गेला. आजही नवा खेळाडू सहा वर्षं एका क्लबला बांधलेला असतोच, आणि बऱ्याच पिचर लोकांच्या कोपराचं तेवढ्यात एकदा ऑपरेशन झालेलं असतं, पण सहा वर्षं आणि जन्मभर यात फरक आहे.

मेसरस्मिथला त्या निकालाचे भरपूर पैसे मिळाले. मॅकनॅलीचं वेगळं. तो १९७५ च्या जूनमध्येच हात चालत नाही म्हणून खेळ सोडून माँटानात बिलिंग्जला घरी गेला होता. मेसरस्मिथशी मालकांनी मिटवून घेतलं तर केसच बंद पडू नये म्हणून खेळाडूंच्या संघटनेने मॅकनॅलीला विचारलं होतं की तुझं नाव लावू का. मग क्लबचा माणूस बिलिंग्जला येऊन म्हणाला, सही कर, नुसता सराव शिबिराला हजर राहिलास तरी २५ हजार डॉलर तुझे, टीममध्ये आलास तर सव्वा लाख. मॅकनॅलीला परत खेळायचं नव्हतं, केस जिंकून एक पैसा मिळणार नव्हता. तो म्हणाला नको, आणि नाव तसंच ठेवलं.